निवृत्तीतात्यांचा टेम्पो

निवृत्तीतात्या गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. आतल्या पानावर, तळाला, जाहिरातीच्या वर चार ओळी होत्या. त्यात त्यांना 'ज्येष्ठ प्राणिमित्र' म्हटलं होतं. मला राग आधी आला, रडू नंतर.

तात्या प्राणिमित्र नव्हते. मैत्री नावाचा प्रकार त्यांनी कुठल्याही प्राण्याशी केलेला मी पाहिलेला नाही. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवणं, त्याच्याशी बोबडं बोलणं त्यांना जमत नसे, आणि दुसऱ्यानं केलेलं बघवत नसे. मांजर दिसलं तर ते रस्ता बदलत. घरी पाळलेलं कुत्रं नव्हतं. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता, तीन पिढ्या फुलांची शेती होती आणि माल बाजारात न्यायला एक तीनचाकी टेम्पो होता. फुलं उतरवून झाली की त्याच टेम्पोतून ते नाशकातली जखमी, आजारी, गाडीखाली आलेली भटकी कुत्री डॉक्टरकडे न्यायचे आणि बरी झाली की परत सोडून यायचे. वर्षानुवर्षं, कुणी न सांगता, पदरचं पेट्रोल घालून. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "मी हमाल हाय. माल उचलायचा, माल पोचवायचा. हमालानं मालाचे मुके घ्यायचे नसतात."

माझी त्यांची गाठ पडली ती पत्रकांमुळे.

आमचं घरच पत्रकांचं. वडील छापखान्यात कामाला आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. माझ्या शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असत. कपाटात पत्रकं, माळ्यावर पत्रकं, ताटाखाली पत्रकं. मी वाचायला शिकले तीच 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी कॉलेजात असताना, आमच्या भागात सकाळी रस्त्याकडेला ताठ झालेली कुत्री दिसू लागली तेव्हा मला एकच गोष्ट सुचली. रात्री कुणीतरी विष घातलेले बुंदीचे लाडू टाकत होतं. कोण टाकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी सांगत नव्हतं. मी पत्रक लिहिलं. वडिलांनी छापून दिलं. मथळा होता : 'हे शहर कुणाचं?'

सीबीएस स्टँडजवळ उभी राहून मी ते वाटत होते. लोक घेत होते आणि पाच पावलांवर टाकत होते. एवढ्यात एक टेम्पो फटफटत येऊन माझ्या पायाशी थांबला. पांढरा पायजमा, बिनइस्त्रीचा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक पन्नाशीचा माणूस खाली उतरला.

"काय वाटतीस?"

"पत्रक आहे. कुत्र्यांवर."

"कुत्र्यांवर? आण बघू."

त्यांनी एक घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, दोन बोटांत चोळलं. "अजून हायेत?"

इतका उत्साही वाचक मला दिवसभरात भेटला नव्हता. मी अख्खा गठ्ठा दिला. ते गठ्ठा घेऊन मागे गेले. टेम्पोत एक थोराड तांबडा कुत्रा पडला होता, त्याचा पुढचा पाय चिरडलेला. त्याच्याखाली तात्यांनी माझी पत्रकं एकेक करून, फरशी बसवावी तशी, नीट अंथरली.

"कागद चांगला हाय," ते म्हणाले. "शोषतो."

"अहो, ते वाचायला आहे."

"ह्याला वाचता येत नाय आन मला वेळ नाय. चल, बस पुढं. हे धूड मला एकट्याला उतरवता यायचं नाय."

मी बसले. त्या दिवसापासून मी 'पत्रकबाई' झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

गंगापूर रोडला जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या बंगल्यामागे पत्र्याची शेड होती. तिथे आम्ही पाच-सहा जण जमायचो. संस्था नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. डॉक्टरीणबाई उपचार करायच्या, कुत्र्यांच्या नसबंदीची ऑपरेशनं करायच्या, आम्ही शेड धुवायचो, आणि ने-आण तात्यांची. त्यांना कुत्र्यांतलं फारसं कळत होतं असं नाही. हळदीवर त्यांची भाबडी श्रद्धा होती. कुठलीही जखम दिसली की डॉक्टरकडे पोचेपर्यंत त्यावर मूठभर हळद दाबलेली असायची. एकदा मोडलेल्या हाडावरही त्यांनी ती थापली तेव्हा डॉक्टरीणबाई कडाडल्या, "तात्या, हे फ्रॅक्चर आहे, लोणचं नाही." तात्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हळद.

गाडी चालवायचे तीही भयंकर. हॉर्न वाजवायचा म्हणजे ब्रेक लावल्यासारखंच आहे अशी त्यांची समजूत होती. आणि मागच्या कुत्र्यांशी अखंड वाद चाललेला. कुत्र्यांना ते नावं देत नसत. जिथून उचललं ते ठिकाण म्हणजे त्याचं नाव. "ए मुंबईनाका, खाली बस." "द्वारका, त्याला चावू नको, तो तुझ्या आधीचा हाय." मी एकदा एका पिवळ्या पिल्लाला सोनू म्हणाले तर ते वैतागले. "नाव ठिवू नको. नाव ठिवलं की ते आपलं होतं. पत्ता ठिव. पत्ता असला की परत सोडता येतं."

परत सोडणं हा त्यांचा धर्म होता. जिथलं कुत्रं तिथं. त्या गल्लीत, त्या कोपऱ्यावर, त्या पानटपरीच्या फळीखाली. जवळपास सोडलं तर चालत नाही. दुसऱ्या गल्लीतली कुत्री त्याला फाडतील हे कारण खरंच होतं, पण तात्यांचं म्हणणं त्याहून साधं होतं. "तुला दवाखान्यातून सोडताना दुसऱ्याच गावात उतरवलं तर चालंल का?"

घोटीच्या बाजारातून आणलेला एक कुत्रा तीन पायांवर आला. गंगापूर रोडच्या एका चांगल्या घरानं तो मागितला. फरशीवर झोपायला गादी, दोन वेळ दूध-पोळी, सगळं होतं. आम्ही सगळे खूश. तात्या म्हणाले, "त्याला इचारलं का?" आणि दुसऱ्या दिवशी त्याला टेम्पोत टाकून घोटीला घेऊन गेले. मी भांडत सोबत गेले. बाजारातल्या भाताच्या गिरणीपाशी टेम्पोचं फाळकं उघडलं. कुत्रा उतरला, लंगडत गिरणीच्या ओट्यावर चढला आणि तिथल्या कोंड्याच्या पोत्याला पाठ लावून बसला. पोती उचलणारी एक बाई म्हणाली, "आला का रं बाबा? एक पाय कुठं इकला?" कुत्र्यानं शेपटी आपटली. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फाळकं लावलं आणि म्हणाले, "चल, चहा पाज."

तात्यांकडे आमच्या शहरातली बंगलेवाली माणसं भाजीवाल्याकडे बघावं तशी बघायची. हवी तेव्हा हाक मारायची. एका सोसायटीच्या चेअरमननं त्यांना बोलावून सांगितलं की आमच्या गेटवरची चार कुत्री उचला आणि कसाऱ्याच्या घाटात नेऊन सोडा, भाडं काय ते बोला. मी तिथे होते. माझ्या तोंडात कायद्याची कलमं तयार होती. तात्यांनी मला हातानं थांबवलं.

"साहेब, घाट लांब हाय," ते म्हणाले. "तुम्हीपण बसा टेम्पोत. तुम्हाला पण तिथंच सोडतो. मग बघू, कोण आधी परत येतं."

चेअरमन लाल झाले. तात्यांच्या तोंडावर मिश्कीलपणा नव्हता, त्यांनी खरोखरच पुढचं दार उघडून धरलं होतं.

मी हे सगळं सांगतेय ते गंमत म्हणून नाही. हा माणूस कुणापुढे वाकत नव्हता हे कळावं म्हणून सांगतेय. कारण पुढे ज्यांनी त्यांना वाकवायचा प्रयत्न केला ते चेअरमन नव्हते. ती त्यांची स्वतःची माणसं होती.

त्याआधी कौसाबाईंबद्दल सांगायला हवं. तात्यांच्या पत्नी. काळ्यासावळ्या, उंच, आवाज मळ्याशेजारच्या पाटापलीकडे पोचेल असा. कुत्र्यांचं त्यांना वावडं. "सकाळी देवाची फुलं न्यायची आन दुपारी ही घाण," असं त्या मला बघितलं की म्हणायच्या, जणू मीच त्यांच्या नवऱ्याला नादी लावलं होतं. टेम्पो रोज संध्याकाळी पाटाच्या पाण्यानं धुवायचा हा नियम त्यांचा. तात्या धुवायचे, मग त्या वास घेऊन बघायच्या, मग पुन्हा धुवायला लावायच्या. संध्याकाळी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून त्या ओट्यावर गजरे ओवत बसायच्या. बोटांकडे न बघता, माझ्याशी भांडत. नवरात्रात आणि लग्नसराईत त्या स्वतः बाजारात जाऊन बसत. त्यांच्या शेवंतीला मान होता. घटाच्या माळेसाठी लोक त्यांच्याच पाटीपाशी थांबत.

हे सगळं सुरू झालं तो दिवस नवरात्रातलाच. फुलं उतरवली की तात्यांसोबत पंचवटीत एक कुत्रं बघायला जायचं होतं, म्हणून मी सकाळीच फूलबाजारात जाऊन थांबले होते. कौसाबाई टेम्पोच्या आधीच येऊन बसल्या होत्या. टेम्पोला उशीर झाला. बबनशेठ चिडले होते. बबनशेठ म्हणजे अडते, ज्यांच्या गाळ्यावर तात्यांचा माल जायचा, कौसाबाईंचे मावसभाऊ. टेम्पो आला तसे ते स्वतःच मागे गेले, ताडपत्री वर केली आणि ओल बघायला झेंडूच्या ढिगात हात घातला. घातला तसा बाहेर काढला.

"निवृत्ती. फुलात काय हालतंय?"

"पाटाच्या कडंला पडली व्हती," तात्या म्हणाले. "मागचा पाय मोडलाय. म्हटलं, माल उतरवून मग न्यावी डॉक्टरीणबाईकडं. गोणपाटावर ठिवली व्हती, सरकली वाटतं."

बबनशेठनी फुलं बाजूला केली. पिवळ्याधमक झेंडूत एक पांढरी कुत्री आडवी झाली होती आणि तिच्या पोटाशी ओल्या रताळ्यांसारखी चार पिल्लं.

"आन हे?"

तात्यांनी वाकून पाहिलं. "निघताना हे नव्हतं."

आधी सगळा बाजार हसला. खरोखर हसला. मग कुणीतरी मागून म्हणालं, "सोयर लागलं की फुलांना." जन्माचा विटाळ. हसू तिथेच थांबलं. देवीच्या घटाची फुलं. दोघातिघांनी लगेच दुजोरा दिला. कुत्रीच्या बाळंतपणाचं सोयर असतं की नसतं यावर वाद सुरू झाला, इतका गंभीर की जणू कुणी पंचांग उघडून बसलंय. कुणीतरी तिला हाकलायला काठी आणली. बबनशेठनी ती हातात घेतली.

तेव्हा गजरे विकणाऱ्या बायका उठल्या. त्यांतली एक म्हातारी काठीसमोर जाऊन उभी राहिली. "बाळंतीण हाय ती. हाकलू नको, बबन. तिला सावली कर."

आणि कौसाबाई. कुत्र्यांना घाण म्हणणाऱ्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. शेजारच्या चहाच्या गाडीवरची कढई घेतली, पीठ मागवलं, गूळ मागवला, तेल ओतलं आणि तिथेच शिरा हलवायला बसल्या. आमच्याकडे गल्लीत कुत्री व्याली की पोरं घरोघर जाऊन पीठ, गूळ, तेल मागतात आणि शिरा करून तिला घालतात. हे लहानपणी न केलेला माणूस नाशकात शोधून सापडणार नाही. त्या बाजारातल्या प्रत्येक अडत्यानं हे केलेलं होतं. चड्डीवर, वाटी घेऊन, 'कुत्री व्याली, तेल द्या' म्हणत. तीच पोरं मोठी झाली, गाळ्यावर बसली आणि आता सोयराची भाषा करत होती.

कुत्रीनं शिरा खाल्ला. बबनशेठ म्हणाले, "हा माल मी घेणार नाय."

तो दिवस गेला असता. एका दिवसाची फुलं पाटात सोडली असती आणि विषय संपला असता. पण दुसऱ्या दिवशी देवळांना माळा पुरवणाऱ्यानं विचारलं, "हा कुत्र्याच्या टेम्पोतला माल का?" तिसऱ्या दिवशी मंडळांनी विचारलं. टेम्पोत कुत्री बसतात हे बाजाराला कित्येक वर्षं ठाऊक होतं. ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं तोवर चालत होतं. आता तात्यांची फुलं कुणी हातात घेईना. शेवंती झाडावर उमलत होती, सुकत होती. बाटलं, म्हणत होते लोक. फूल बाटलं. हा शब्द आपल्याकडे फुलांच्या आधी किती माणसांसाठी वापरून झालाय ते मला माझ्या घरातल्या प्रत्येक पत्रकानं शिकवलेलं होतं. मी पेटले. रातोरात नवं पत्रक लिहिलं : 'बाटलं कोण?' तात्यांना नेऊन दाखवलं. हे मात्र त्यांनी पूर्ण वाचलं. ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"चांगलं लिहिलंय. वाटू नको."

"का?"

"ते माझे लोक हायेत. मी मेलो तर खांदा तेच देणार."

"ते तुम्हाला जिवंतपणी मारतायत."

"ते माझं मी बघतो."

मी ते वाटलं नाही. ते वाटायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दसऱ्यानंतर बबनशेठ बाजारातल्या दोघांना घेऊन तात्यांच्या ओट्यावर आले. मीही तिथे होते, कौसाबाईंनी मला जायला सांगितलं नाही. बबनशेठ वाईट नव्हते. त्यांना तोडगा हवा होता, आणि तो त्यांनी आणला होता.

"दोन गोष्टी कर, निवृत्ती. टेम्पो गोमूत्रानं धू."

"धुतो. रोजच धुतो मी."

"आन वणीच्या देवीची आण घेऊन नारळ फोड. की पुन्यांदा कुत्रं टेम्पोत घेणार नाय. सगळ्यांसमोर. मग मी सोता तुझी फुलं उचलतो. बघू कोण नाय म्हणतं."

तात्यांनी पायाच्या नखातली माती खरवडली. मग म्हणाले, "नवरात्रापुरती घेतली तर? सणासुदीला नाय नेणार."

"आण हाय ती. लिलाव नाय."

"मग दोन दिस दे."

ते गेले. मी तात्यांना म्हणाले, "घ्या ना आण. एक नारळच फोडायचाय. चार दिवसांनी कुत्री न्यायला लागा. देवी काय बघायला येणारेय?"

"तुझ्याकडं नाय येत," तात्या म्हणाले. "माझ्याकडं येती."

ते दर चैत्रात वणीच्या गडावर जायचे. हे मला माहीत होतं आणि मी त्यावरून त्यांना टोमणेही मारायचे. पण ही श्रद्धा घरात देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू नाही, ती माणसाचे हात बांधते, हे माझ्या पत्रकी डोक्यात शिरलं नव्हतं. देव न मानणाऱ्याला खोटी शपथ फुकट असते. तात्यांना नव्हती.

"मग कुत्री सोडा," मी चिडून म्हणाले.

"तेपण व्हत नाय."

एवढंच. कारण दिलं नाही, भाषण केलं नाही. त्यांच्यासमोर एकीकडे तीन पिढ्यांची शेती होती आणि दुसरीकडे कुणाचीच नसलेली कुत्री, आणि त्यांना यातलं काहीही सोडता येत नव्हतं.

निर्णय कौसाबाईंनी घेतला. हे मी पाहिलं नाही, त्यांनीच नंतर सांगितलं. सकाळी तात्या उठले तर कौसाबाई घरात नव्हत्या. शेवंतीच्या वाफ्यात होत्या, कुदळ घेऊन. दोन सऱ्या उपटून झाल्या होत्या.

"काय करतीस?"

"वाफे मोकळे करती. घास लावू. गायीम्हशी इचारत नाय, टेम्पोत आधी कोण बसलं व्हतं."

लसूणघास म्हणजे हिरवा चारा. शहराभोवतीच्या गोठ्यांना तो बारमाही लागतो. तात्या बांधावर बसले. कौसाबाई उपटत राहिल्या. बराच वेळ बसून ते उठले, घरातून दुसरी कुदळ घेऊन आले.

मी कौसाबाईंना विचारलं, "तुम्हाला तर कुत्री आवडत नाहीत."

"अजून नाय आवडत."

"मग?"

"बबनदादानं बाळंतिणीवर काठी उगारली," त्या म्हणाल्या. "त्या हातात माझं फूल द्यायचं व्हय? देवाला फुलं द्यायला अख्खं गाव पडलंय."

दोन दिवसांनी बबनशेठ उत्तर घ्यायला आले तेव्हा मळा उघडा होता. ते बांधावरच थांबले. कौसाबाईंनी त्यांना चहा दिला, भाऊ आहे म्हणून. बसा म्हणाल्या नाहीत.

पांढरी कुत्री पाय बरा झाल्यावर पिल्लांसकट पाटाच्या कडेला परत गेली. तिचं नाव अर्थातच 'पाट'.

लोक या गोष्टीचा शेवट इथेच करतील. चांगुलपणा जिंकला वगैरे. मला तसं करता येत नाही, कारण मी पुढची वर्षं त्या घरात जात होते. घासानं घर चाललं, पण फुलांवर चालायचं तसं नाही. मुलगा सातपूरच्या कंपनीत होता. बापानं तीन पिढ्यांचं फूल उपटलं हे त्याला लोकांना सांगायची लाज वाटायची. नवरात्र आलं की शेजारच्या मळ्यांतून झेंडूच्या गाड्या भरून जायच्या आणि तात्या तेव्हा मुद्दाम घोटीकडे, सिन्नरकडे कुठंतरी लांबचं कुत्रं पोचवायला निघायचे. कौसाबाई संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. एकदा मी पाहिलं, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला होता आणि बोटं चालत होती. दोऱ्यात काही नव्हतं. मी आल्याचं कळताच त्यांनी दोरा गुंडाळून ठेवला आणि मला म्हणाल्या, "काय बघतीस? ये, भाकरी खा."

तात्यांनी याबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही. टेम्पोतून खाली घास, वर कुत्रं अशी त्यांची वरात गोठ्यागोठ्यांतून फिरायची. शहरात नसबंदीचं काम हळूहळू वाढलं, गाड्या आल्या, पिंजरे आले, ओळखपत्र लटकवलेली मुलं आली. तात्यांना कुणीतरी ओळखपत्र दिलं, तर त्यांनी ते टेम्पोच्या आरशाला बांधलं. "मला वळखतात. गाडीला वळखायला पायजे."

मी नोकरीला पुण्याला गेले. त्यांना शेवटचं पाहिलं ते एका चैत्रात, सुट्टीला आले असताना. गडावर निघालोय, येतीस का, म्हणाले. मी म्हणाले, मी देवीला येणार नाही. "देवीला कोण बोलवतंय तुला? कुत्रं धरायला ये." गडावरच्या पायऱ्यांवर राहणारी एक काळी कुत्री गाडीखाली येऊन आमच्या शेडमध्ये आली होती. ती बरी झाली होती. तिला सोडायचं होतं आणि दर्शनही घ्यायचं होतं, एका फेरीत दोन्ही.

दिंडोरी, वणी, नांदुरी करत टेम्पो धापा टाकत गडावर चढला. यात्रेची गर्दी होती. पायऱ्यांच्या खाली फाळकं उघडलं. काळी कुत्री उतरली, हवेचा वास घेतला आणि थोडं लंगडत, माणसांच्या पायांतून वाट काढत वर चढायला लागली. तात्यांनी टेम्पोच्या पुढच्या सीटवरून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फडकं उलगडलं. जांभळ्या, बारीक फुलांचे तुरे होते. आधी मला ओळखू आले नाहीत.

"घास," ते म्हणाले. "कापला नाय की फुलतो. कौसानं बियाण्याला पट्टा राखलाय."

पायऱ्यांच्या तोंडाशी ओटीची ताटं विकणारा एक पोरगा होता. त्यानं तात्यांच्या हातातलं पाहिलं आणि हसला. "बाबा, गुरांचा चारा हाय तो. देवीला नाय चालत. हे घ्या, शेवंती घ्या, ताजी हाय."

तात्यांनी त्याच्या पाटीतली एक शेवंती उचलली, देठ पाहिला, पाकळी दाबून पाहिली आणि परत ठेवली. "ताजी नाय," ते म्हणाले. "आन चालतं का नाय ते तिला इचारून सांगतो."

मी खालीच थांबले, टेम्पोला टेकून. त्या गर्दीत कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात खण, आणि टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा छातीशी घासाची मूठ धरून वर चाललेला. मधल्या एका पायरीवर काळी कुत्री आपल्या जागेवर जाऊन पसरली होती. तात्या तिच्या शेजारून गेले, तिच्याकडे न बघता. मग वळणावर दिसेनासे झाले.

ते खाली आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हात रिकामे होते. पोरगा ताटं आवरत होता. त्यानं हाक मारली.

"काय बाबा, घेतलं का देवीनं?"

तात्या पायरीवर बसून चपला घालत होते. एक घातली, दुसरी चाचपून शोधली, ती घातली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"घेतलं," ते म्हणाले. "म्हणाली, पुढल्या वर्षी जास्त आण."